इंग्रजी शब्द चेक भाषेत न्यायचाय? मध्ये मराठीचा स्टॉप घ्या

संत्र्यापासून सुरू करू, नागपूरचे आहोत तर दुसरं काय. इंग्रजी-चेक डिक्शनरीत ऑरेंज टाका, फळासाठी पोमेरान्च येईल आणि रंगासाठी ओरान्झोवी. पण आपलं संत्र, ते २०१४ मध्ये जीआय टॅग मिळालेलं, ते पोमेरान्च नाहीच ना बावा. ढिल्या सालीचं, हातानेच सोलून होणारं, म्हणजे मँडरिनवालं, त्याला चेक लोक मान्दारिन्का म्हणतात. पोमेरान्च म्हणजे ते घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जवळचं. इंग्रजीत दोन्ही ऑरेंजमध्ये खपून जातं, पण आपण कॉटन मार्केटात संत्र मागितलं आणि मोसंबी दिली तर घेऊ का?

तर पद्धत हीच आहे. इंग्रजी शब्द उचलून थेट चेकमध्ये टाकायचा नाही. आधी पूर्ण वाक्य घ्यायचं, ते मराठीत बोलून बघायचं, आणि मराठीत कोणता शब्द तोंडात आला त्यावरून चेक शब्द निवडायचा, कारण इंग्रजी जे फरक एकाच शब्दात गुंडाळून ठेवते ते मराठीत बरेचदा वेगवेगळे निघतात आणि चेकला नेमके तेच लागतात. चेक देशात प्राग नाहीतर ब्रनो शहरात शिकायला, नोकरीला जाणारी आपली पोरं-पोरी बहुतेक इंग्रजीतूनच चेक शिकतात आणि मग साध्या साध्या शब्दात अडकतात, म्हणून हे लिहून राहिलो.

उच्चाराचं आधी उरकून टाकू. चेकमध्ये दोन च आहेत, एक चाकातला आणि एक चार मधला, आणि डोक्यावर उलटा टोपीसारखा हुक असला की तो चार मधला. आपल्याला दोन्ही जन्मापासून येतात. खाली चाकातला च मी त्स असा लिहिलाय. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. तो एक र आणि झ एकत्र बोलायचा आवाज आहे तो मात्र ऐकूनच जमेल, लिहून सांगण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात जास्त लागणारं क्रियापद, इंग्रजीतलं टू नो, माहीत असणंवालं. चेकमध्ये त्याला तीन आहेत. "तो कुठे राहतो मला माहीत आहे" इथे व्येद्येत. "मी तिला ओळखतो" इथे झ्नात. "मला पोहता येतं" इथे उम्न्येत. म्हणजे माहीत असणं, ओळखणं, येणं, आपले तीन ते त्यांचे तीन. फक्त एक जागा बघून घ्या, "मला नागपूर चांगलं माहीत आहे" असं आपण म्हणतो पण चेकमध्ये इथे झ्नात लागतं, कारण पुढे नुसतं नाव आलं, शहर, माणूस, गाणं, की झ्नात, आणि पुढे कुठे-कधी-का वालं अख्खं वाक्य आलं की व्येद्येत. एवढं धरलं तर बहुतेक वेळा बरोबर येते.

आवडण्याचं तर अजून मजेशीर आहे. इंग्रजीत मी कर्ता, वस्तू कर्म. चेकमध्ये आपल्यासारखंच "मला ब्रनो आवडतं", म्हणजे "लीबी से मी ब्रनो". हा जो मी आहे तो आपला मी नाही हं, चेक मी म्हणजे आपलं मला, आणि आपला मी म्हणजे त्यांचा या. डोकं फिरते थोडं पण एकदा बसलं की बसलं. "मला थंडी वाजते" म्हणजे "ये मी झिमा", "मला गरम होते" म्हणजे "ये मी होर्को", आणि वय पण तसंच, मला इतकी वर्षं अशी त्यांची बांधणी. मे महिन्यात नागपुरात गरम होऊन राहिलं ते सांगायला इंग्रजीतलं आय अ‍ॅम हॉट शब्दाला शब्द नेऊ नका, ऐकणारा भलताच अर्थ काढेल. खाण्याचं आवडलं तर लीबी चालत नाही, तिथे "खुत्ना मी तो", म्हणजे मला याची चव आवडली. आणि माणसावर, चहावर, कशावरही कायमची आवड असेल तर पोरगा "माम राद" म्हणेल, पोरगी "माम रादा".

हॉटवरून सावजी आठवलं. इंग्रजीत रस्सा हॉट म्हटलं की गरम का तिखट ते परत विचारावं लागते. चेकमध्ये गरम असेल तर होर्की, तिखट असेल तर पालिवी नाहीतर ओस्त्री, आणि ओस्त्री म्हणजे धारदार पण, सुरीला पण तोच शब्द. तिकडच्या मित्राला सावजी खाऊ घालायचं असेल तर पालिवी आधी शिकून ठेवा, होर्की म्हणाल तर तो बिचारा फुंकर मारून मोठा घास घेईल.

काळाच्या भानगडीत तर आपली नागपुरी बोली लय कामाची आहे, पुण्याच्या प्रमाण मराठीपेक्षा जास्त असं माझं मत. चेकमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी असते, एक काम चालू असल्याचं आणि एक काम पूर्ण झाल्याचं. प्सात आणि नाप्सात, दोन्ही लिहिणंच. आपण "लिहून राहिलो" म्हणतो तिथे पहिलं, "लिहून टाकलं" म्हणतो तिथे दुसरं. वाचण्याचं तसंच, चीस्त आणि प्र्झेचीस्त. तर इंग्रजी क्रियापद समोर आलं की स्वतःला विचारा, इथे राहिलो बसते का टाकलं बसते. पूर्णवाल्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूप भविष्याचं असते, "नापीशु" म्हणजे लिहून टाकीन, आत्ता लिहून राहिलो असेल तर "पीशु".

भूतकाळात बोलणारा पुरुष का बाई ते पण लागते. इंग्रजीत दोघंही एकच बोलतात, चेकमध्ये पुरुष "बिल सेम", बाई "बिला सेम", आपलं होतो आणि होते. कोणी भाषांतराला इंग्रजी मजकूर दिला तर आधी विचारून घ्या की बोलून कोण राहिलं, नाहीतर शेवटी सगळी क्रियापदं बदलत बसा.

लिंग तीन, तो-ती-ते च्या जागी तेन-ता-तो. पण खबरदार, शब्दाचं लिंग आपल्यासारखं असेलच असं नाही. चहा तो, चाय पण तेन, इथे जमलं. पाणी ते, पण वोदा ता. पुस्तक ते, पण क्निहा ता. शेवट बघायची सवय लावा, व्यंजन असेल तर बहुतेक तेन, आखूड आ असेल तर ता, ओ असेल तर तो. अपवाद आहेत, ते भेटतील तसे लिहून घ्या. जिवंत आणि निर्जीवचा फरक मात्र आपला ओळखीचा, "कुत्र्याला बघतो" पण "किल्ला बघतो", त्यांचं "विद्यीम प्सा" पण "विद्यीम ह्राद". कुत्र्याला म्हणजे पेसला शेपूट लागली, किल्ला जसाचा तसा.

मराठी जिथे हात वर करते ते जाण्याचं. आपण बर्डीहून धरमपेठेत पायी गेलो काय नि अ‍ॅक्टिव्हाने गेलो काय, गेलोच. चेकमध्ये पायी असेल तर यीत, गाडीने असेल तर येत, विमानाने असेल तर लेत्येत, आणि रोजचं जाणं असेल तर पायी खोदित, गाडीने येझ्दित. इथे पाठच करा. आकड्यांचं पण, दोन-तीन-चार पर्यंत एक अनेकवचन आणि पाचपासून दुसरंच, दोन बिअर म्हणजे द्व्ये पिवा पण पाच बिअर म्हणजे प्येत पिव. बिअर पिणाऱ्यांना हे लवकर पाठ होते म्हणतात.

वेळ मात्र नीट वाचा, इथे इंग्रजी तासाभराने फसवते. ब्रिटिश बोलण्यात हाफ सेव्हन म्हणजे साडेसात, चेकमध्ये "पूल सेद्मे" म्हणजे साडेसहा, सातव्या तासाचा अर्धा. पावणेसातला ते तीन-चतुर्थांश सातकडे असं काहीतरी म्हणतात, आपलं पावणे पण सातच्याच नावाने असते. पूल द्रुहे म्हणजे दीड वाजला. मुलाखतीची वेळ फोनवर दिली असेल तर आकड्यात मेसेज मागून घ्या.

यू आला की तू का तुम्ही ते ठरवा, ति आणि वि. दुकानदार, प्रोफेसर, ऑफिसातले मोठे लोक यांना वि आणि नमस्काराला "दोब्री देन". आहोय दोस्तांना, भेटताना पण आणि निघताना पण. ति वर यायचं का ते वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं अशी तिकडची रीत आहे.

ओळखीचे चेहरे असलेले शब्द जास्त धोक्याचे. आक्तुआल्नी म्हणजे खरोखरचा नाही, सध्याचा, ताजा. सिम्पातित्स्की म्हणजे सहानुभूतीवाला नाही, बघताच आवडावा असा माणूस. होस्त म्हणजे यजमान नाही, उलट पाहुणा. गिम्नाझियुम म्हणजे व्यायामशाळा नाही, शाळा आहे ती. प्रेझेर्वातिव म्हणजे कंडोम, तेव्हा जॅमच्या बाटलीत प्रेझेर्वातिव आहे का असं दुकानात विचारू नका, तिथे कोन्झेर्वान्त. आणि आनो म्हणजे हो, त्याचं बोलीत नुसतं "नो" होते, समोरचा नो नो करून राहिला म्हणजे तो तुमचं ऐकून राहिला, नाही म्हणून नाही राहिला. श्कोदा गाडीचं नाव एमिल श्कोदा या उद्योजकाच्या आडनावावरून आलं, पण नुसता शब्द म्हणजे नुकसान, "तो ये श्कोदा" म्हणजे अरेरे.

डिक्शनरीचं शेवटी. इंग्रजी-चेकसाठी सेझ्नाम या चेक वेबसाइटची स्लोव्ह्निक नावाची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, तिथे अर्थ मिळाला की तोच शब्द चेकमधून इंग्रजीत उलटा टाकून बघा, दुसराच अर्थ आला तर थांबा. शब्दांच्या रूपांसाठी चेक भाषा संस्थेची ऑनलाइन प्र्झीरुच्का, म्हणजे हँडबुक, बघा, सातही विभक्तींचा तक्ता देते. कागदी कोशात शोधत असाल तर ख चा आवाज सी आणि एच मिळून लिहितात पण तो एकच अक्षर मानतात आणि त्याची पानं एच संपल्यावर येतात, म्हणजे ख्लेब, पाव, सी मध्ये शोधत बसाल तर सापडणार नाही.