पीपीटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर हँग होऊ नये म्हणून आदल्या दिवशीची तयारी

आपल्या लॅपटॉपवर मस्त पळणारी पीपीटी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केली की स्क्रीन पांढरी, वरती नॉट रिस्पॉन्डिंग आणि ते निळं चक्र गरगर गरगर, हे माझं तीनदा झालंय. तिसऱ्यांदा झालं तेव्हा समोर चाळीस माणसं बसलेली होती आणि मी माइकवर "एक मिनिट हं" असं सहा वेळा म्हणाले. तेव्हापासून आदल्या दिवशी एक यादी करते. एक गोष्ट कळली ती अशी की फाइल बिघडलेलीच असते असं नाही, बरेचदा ती काहीतरी शोधत बसलेली असते, आणि ते काहीतरी आपल्या मशीनवर घरी राहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम, फाइलची कॉपी करायची (ओरिजिनलला हात लावायचा नाही) आणि कॉपीत फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये जाऊन खाली उजवीकडे एडिट लिंक्स टू फाइल्स दिसतंय का बघायचं. दिसलं म्हणजे फाइल कुठेतरी बांधलेली आहे. माझ्या त्या तिसऱ्या वेळी हेच होतं, एक्सेलमधून चार्ट पेस्ट करताना लिंकसकट आला होता आणि त्या लिंकचा पत्ता ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हचा, जो हॉलमधल्या मशीनला कुठून सापडणार, पण ते बिचारं इमानदारीत शोधत बसलं. चार्टची लिंक सरळ ब्रेक लिंक करून टाकायची, नंतर त्यातले आकडे बदलता येत नाहीत, पण त्यासाठीच तर ओरिजिनल ठेवलंय ना.

मग व्हिडिओ. व्हिडिओ घालताना लिंक टू फाइल निवडलं असेल तर तो पीपीटीत नाहीच्चे, फक्त त्याचा पत्ता आहे, तेव्हा तो काढून साधं इन्सर्ट करून परत घालायचा. दुसरी भानगड फॉरमॅटची. आयफोनवर शूट केलेला व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो, तो चालायला विंडोजवर वेगळं एक्स्टेंशन लागतं आणि हॉलमधल्या मशीनवर ते कोणी टाकलेलं असेल ही आशा सोडा. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून एच 264 एमपी 4 करून घेतला की पॉवरपॉइंट कुरकुर करत नाही.

आता साइझ, आणि इथे मला खरंच मजा येते. पीपीटीएक्स फाइल ही आतून झिपच असते, तेव्हा कॉपीच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स खोडून झिप लिहायचं, उघडायचं, आत पीपीटी फोल्डर, त्यात मीडिया, आणि साइझप्रमाणे सॉर्ट मारायचा. सगळं सामान उघडं पडतं. माझ्याकडे 90 एमबीच्या फाइलमध्ये 40 एमबी एकट्या लोगोचे निघाले, कोपऱ्यातला अंगठ्याएवढा लोगो, पण कोणीतरी पाठवलेली छपाईची टिफ (जड फोटो फाइल) तशीच चिकटवलेली. बाकी फोटोंसाठी एका फोटोवर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्स, फक्त या फोटोला लागू करा ही टिक काढायची, क्रॉप केलेला भाग डिलीट करायची टिक ठेवायची आणि 150 पीपीआय (म्हणजे इंचामागे 150 पिक्सेल). क्वालिटी जाईल म्हणून घाबरू नका, नेहमीच्या वाइडस्क्रीन स्लाइडची रुंदी 13.33 इंच, गुणिले 150 म्हणजे 2000 पिक्सेल, आणि फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतोच मुळी 1920. त्याच्या वरचं सगळं ओझं.

फॉन्ट हा हँगचा नाही पण अब्रूचा प्रश्न आहे. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली एम्बेड फॉन्ट्स टिक करायचं, म्हणजे फॉन्ट फाइलसोबतच जातो, आणि मराठी मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तेव्हा आधीच युनिकोडमध्ये करून घ्या. मॅकवर कीनोटमध्ये (ॲपलचं पॉवरपॉइंटसारखं ॲप) बनवलं असेल तर पीपीटीएक्स एक्स्पोर्ट करून एकदा तरी कोणाच्या विंडोजवर उघडून बघा, एक्स्पोर्ट झालं म्हणजे झालं असं नसतं.

तिथे पोचल्यावर फाइल पेन ड्राइव्हवरून किंवा मेलमधून डायरेक्ट उघडायची नाही, आधी डेस्कटॉपवर कॉपी. मेलवरून आलेली असेल तर उघडायच्या आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे खाली अनब्लॉक दिसलं तर टिक करायचं, नाहीतर प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये (फक्त बघण्यापुरती) उघडते, वर पिवळी पट्टी येते आणि त्यातच कधीकधी अडकून बसते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या भरवशावर जाऊ नका, आयकॉनवर ढग दिसतोय म्हणजे फाइल अजून खाली उतरलेलीच नाही.

एवढं करूनही अडकली तर दोनेक मिनिटं गप्प बसायचं, परत परत डबल क्लिक करायचं नाही. मग टास्क मॅनेजरमधून बंद करून कंट्रोल दाबून धरून पॉवरपॉइंटच्या आयकॉनवर क्लिक, सेफ मोड हवा का विचारतं, हो म्हणायचं. त्यात फाइल नीट उघडली तर दोष तुमचा नाही, त्या मशीनवरच्या कुठल्यातरी ॲड-इनचा (पॉवरपॉइंटला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमचा) आहे, ऑप्शन्समध्ये जाऊन ॲड-इन बंद करा. एक विचित्र वाटेल असं कारण म्हणजे डीफॉल्ट प्रिंटर, नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असला की पॉवरपॉइंट उघडताना त्याची वाट बघत बसू शकतं, तेव्हा डीफॉल्ट बदलून प्रिंट टू पीडीएफ करून बघायचं. स्लाइड शो सुरू केल्यावरच अडकत असेल तर स्लाइड शो टॅबमधल्या सेट अप स्लाइड शोमध्ये रेझोल्यूशन कमी करा.

आणि काहीच चाललं नाही तर नवीन कोरी फाइल उघडून जुन्यातल्या पाच-पाच स्लाइड कॉपी-पेस्टने आणायच्या, ज्या पाचांवर अडकलं त्यातच चोर आहे. पण हे घरी करायचं काम, लोक समोर बसलेले असताना नाही. तेव्हासाठी मी त्याच पेन ड्राइव्हवर पीडीएफ ठेवते आणि व्हिडिओ बाजूला सुटे. ॲनिमेशन जातं, जाऊ दे, पीडीएफ ब्राउझरमध्येसुद्धा उघडते.