सिल्कीच्या पिल्लांचा रंग ओळखताना या चुका टाळा

सिल्की म्हणजे रेशमी पिसांची, काळ्या कातडीची कोंबडीची जात. बहुतेक जण तिचं पिल्लू हातात आलं की पिसांचा रंग ठरवून मोकळे होतात आणि कातडीकडे बघतही नाहीत. करायला हवं नेमकं उलटं. कातडी पहिल्या दिवशीच बोलते, पिसांना मात्र वेळ द्यावा लागतो.

पिल्लू तळहातावर उताणं घ्या आणि पोटावरच्या लवेत हलकी फुंकर मारा. लव बाजूला झाली की खाली गडद राखी-निळसर कातडी दिसली पाहिजे. चोच आणि पायही काळपट हवेत. कातडी गुलाबी किंवा पिवळट असेल तर गावठी रक्त मिसळलंय असं धरून चाला. पांढऱ्या-पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत कातडीचा काळेपणा दाबणारा जनुक असतो, तो पिल्लांत उतरतो.

पण काळी कातडी दिसली म्हणजे सिल्कीच, असंही नाही. विदर्भातल्या बाजारात कडकनाथ भरपूर येतो. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबडी, कातडी तिचीही काळीच. म्हणून बोटं मोजा: कडकनाथला चार, सिल्कीला पाच. तरी एवढ्यावर पैसे देऊ नका, कारण पाचवं बोट संकरातही उतरतं. रेशमी पिसं मात्र पहिल्या संकरात उतरत नाहीत. लहानपणी सगळीच पिल्लं लुसलुशीत असतात, त्यामुळे खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पंखाचं पीस उजेडासमोर धरा. दोऱ्यासारखं सुटं दिसलं तर सिल्की, सलग पात्यासारखं दिसलं तर संकर.

रंग बघायची जागाही चुकते. ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या) पिवळ्या किंवा लाल बल्बखाली पांढरं पिल्लू सोनेरी वाटतं. सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पांढऱ्या सिल्कीच्या पिल्लाची लव तशीही अनेकदा पिवळसर असते, ती पाहून बफ (फिकट सोनेरी रंग) समजू नका. काळ्या पिल्लाच्या पोटावर आणि पंखांच्या टोकाला पांढरट लव असते, तो दोष नव्हे. पाठीवर खारीसारखे पट्टे असले तर बहुधा पार्ट्रिज (तपकिरी नक्षीचा रंग).

सर्वात फसवा रंग स्प्लॅश, म्हणजे पांढऱ्यावर राखी शिंतोडे. पिल्लू मळकट पांढरं दिसतं, आणि पंखावर राखी ठिपके उमटले की कळतं. इथे आई-बापाचा रंग माहीत असला तर निम्मं काम होतं. निळा (म्हणजे राखी-निळसर) नर आणि निळी मादी असेल तर सरासरी चारात दोन निळी, एक काळं, एक स्प्लॅश. काळा आणि स्प्लॅश जोडला तर सगळी निळी. पक्का रंग पाच-सहा महिन्यांनी कळतो, तोवर ‘अमुक रंग’ सांगून विकू नका. पायात रंगीत कडी घाला, दर आठवड्याला एकाच जागी फोटो काढा. पाय जाडावतो तशी कडी बदला, नाहीतर रुतते.

आपल्याकडच्या उन्हात पांढऱ्या पिसांवर पिवळी झाक येते, पिवळा मकाही ती वाढवतो. काळी पिसं तांबूस पडतात. मूळ रंग बघायचा तर पंखाखालची, उन्हापासून झाकलेली पिसं बघा.

एक चूक जिवावर बेतू शकते. इतर कोंबड्यांचा तुरा निळा-काळा पडला की आजार कळतो. सिल्कीचा तुरा निरोगीपणीही तुतीच्या रंगाचा असतो, त्यामुळे तुऱ्यावर विसंबू नका. श्वास, विष्ठा आणि खाणं बघा. पावसाळ्यात भुसा ओला राहिला, पिल्लं पंख पाडून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर रक्ती हगवणीची शंका धरा. पिल्लं वेगळी करा, भुसा बदला आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.