स्पितीत फोटो काढायला जाताय? कॅमेरा घरात आणताना सांभाळा

गरम कपडे, ट्रायपॉड, ज्यादा कार्ड हे तुमचं तुम्ही बघा. इंदूरहून मालवा एक्स्प्रेसने अंबाला, पुढे शिमला-किन्नौरकडून हळूहळू चढा. मनालीकडून एकदम वर गेलात तर दोन दिवस डोकं धरून बसाल, आपला इंदूरजवळचा जानापाव डोंगर हजार मीटरही नाही आणि स्पितीतलं काझा गाव साडेतीन हजाराच्या वर आहे.

बॅटऱ्या आतल्या खिशात. थंडीने मेलेली बॅटरी अंगाच्या उबेत ठेवली की अजून थोडी चालते.

बर्फ राखाडी येत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवा, झालं.

आता खरं दुखणं. जो तो सांगतो थंडीपासून कॅमेरा जपा. अहो, बाहेर त्याला फारसं काही होत नाही, वाट लागते ती आत आणल्यावर. पहिल्या खेपेला पहाटे धनकरला फोटो काढून हात बधिर झाले म्हणून मी कॅमेरा गळ्यात घेऊन तसाच होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरलो, तंदूर (तिकडची लोखंडी शेगडी) पेटलेला, वर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, उकळतोय, आणि चहाचा कप हातात येईतो लेन्स पांढरीफटक. पुसली, परत पांढरी. पुसून काय होणार, वाफ आतल्या काचेवरही धरली होती, दुपारपर्यंत हलली नाही आणि बाहेर ढग असे की काय सांगू.

जुलैत फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला घाम फुटतो ना, तेच हे.

म्हणून दाराबाहेरच, अगदी उंबऱ्याच्या अलीकडे, कार्ड आणि बॅटरी काढून घ्या (नाहीतर फोटो बघायला पिशवी उघडालच, मी उघडलीये). कॅमेरा जाड झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढायची, बंद करायची, मगच आत. तंदूरपासून लांब कोपऱ्यात दोन तास हात लावायचा नाही. पाणी धरलं तरी पिशवीला बाहेरून धरतं. पिशव्या इंदूरच्या सियागंज बाजारातून घेऊन जा, शेवेची रिकामी पिशवी नको, लेन्सला तेल लागतं, विचारू नका कसं कळलं. तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार, तो भुसा नंतर कोण काढणार?

रात्री ताऱ्यांसाठी परत बाहेर पडायचं असेल तर कॅमेरा आत आणूच नका, गाडीतच राहू दे, फक्त बॅटरी घेऊन या. आणि गाडीची चावी आधीच मागून ठेवा, ड्रायव्हर आठलाच झोपतो.