कर्करोगाच्या औषधांची पहिली चिठ्ठी हाती आल्यावर

कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टरांची पहिली चिठ्ठी हातात पडताच बहुतेक नातेवाईक जवळच्या औषधाच्या दुकानात धाव घेतात. औषध आजच सुरू करायला हवे की दोन दिवसांनी चालेल, हे डॉक्टरांना आधी विचारावे. उपचार तातडीचे असतील तर थांबू नये. परंतु महिनोनमहिने घ्यायच्या गोळ्या असतील, तर या दोन दिवसांतील चौकशीवर पुढील सगळा खर्च अवलंबून असतो.

औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव डॉक्टरांकडून सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे आणि त्याच मात्रेचे दुसऱ्या कंपनीचे औषध चालेल का, हे त्याच भेटीत विचारावे. असे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण फरक किरकोळ नसतो. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध मूळ कंपनीकडून घेतल्यास महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे मूळ कंपनीच्या संमतीशिवाय तेच औषध बनवण्याची परवानगी, दिली, ती महिन्याच्या १२० गोळ्या ८,८८० रुपयांपेक्षा महाग न विकण्याच्या अटीवर. मात्र ट्रास्टुझुमॅबसारख्या जैविक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या, औषधांच्या बाबतीत स्वस्त पर्याय, म्हणजे बायोसिमिलर, डॉक्टरांनीच निवडावा. दुकानदाराच्या सांगण्यावरून बदल करू नये.

पाकिटावरची छापील किंमत ही कमाल किंमत असते, त्याच दराने औषध घेतले पाहिजे असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाला कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, यावरूनच दुकानदाराला सवलत देण्यास किती वाव असतो हे लक्षात यावे. म्हणून रुग्णालयातील दुकान, सवलतीत औषधे देणारे सरकारी अमृत औषधालय, जनऔषधी केंद्र आणि शहरातील एखादा घाऊक विक्रेता अशा तीन-चार ठिकाणी जेनेरिक नाव सांगून दर विचारावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरील जीएसटी शून्य झाला असून इतर बहुतेक औषधांवर तो ५ टक्के आहे. बिलावर जुना दर लावलेला नाही ना, हेही पाहावे.

दरांच्या चौकशीइतकीच योजनांची चौकशी महत्त्वाची आहे आणि ती उपचार सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रोकडरहित आहे. तिच्यात उपचारांना पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे आधी पदरचे पैसे भरून नंतर परतावा मागण्याचा विचार मनातही आणू नये. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे योजनेचे कर्मचारी, असतात. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि तपासणीचे अहवाल घेऊन प्रथम त्यांनाच भेटावे. रुग्णालय धर्मादाय असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी तेथे निर्धन रुग्ण निधीही असतो. ही माहिती काउंटरवर आपणहून क्वचितच दिली जाते, याची मला फार खंत वाटते. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवून रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा एखाद्या न्यासाकडे मदत मागायची असल्यास रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात.

सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांचा साठा एकदम करू नये. दुष्परिणामांमुळे मात्रा बदलते, कधी औषधच बदलते, आणि उघडलेले पाकीट दुकानदार परत घेत नाही. सुरुवातीला एका महिन्यापुरतेच घ्यावे. बॅच क्रमांकासह पक्के बिल मागावे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारे इंजेक्शन बनावट असण्याचा धोका असतो, तो पत्करू नये. थंड ठेवायचे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फाच्या थेट संपर्कात न येता, रुग्णालयापर्यंत न्यावे लागते.

एवढे करूनही एखाद्या महिन्यात पैसे कमी पडले, तर रुग्ण पुष्कळदा कोणालाही न सांगता गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागतो. घरच्यांनी पाकिटातील गोळ्या अधूनमधून मोजाव्यात आणि तसे आढळल्यास न रागावता त्याच आठवड्यात डॉक्टरांना खरे कारण सांगावे, म्हणजे परवडणारा दुसरा उपचार ठरवायला त्यांना वेळ मिळतो.