डिस्क वाढवली, तरी सर्व्हर जुनाच आकार दाखवतो: माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचे गणपतीचे फोटो क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरवर आहेत. डिस्क गच्च भरली, म्हणून पॅनेलमधून 40 ची 80 जीबी केली. वापरलेली-उरलेली जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ -एच’मध्ये फरक शून्य. रीबूट केलं, फाइलसिस्टिम (फाइल्स साठवायची रचना) वाढवणारं ‘रिसाइझ2एफएस’ नुसतंच चालवलं, काही नाही. दोन रात्री डोकं पिकलं.

डिस्क वाढली होती, पार्टिशन (डिस्कचा फाइलसिस्टिम असलेला भाग) नाही. डिस्क-पार्टिशनची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’त व्हीडीए (डिस्क) 80, व्हीडीए1 (पार्टिशन) मात्र 40.

आधी स्नॅपशॉट (डिस्कची जशीच्या तशी प्रत) घ्या. मग रूट (सर्वाधिकार असलेल्या) युजरने पार्टिशन वाढवणारं ‘ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए 1’ चालवा. 1 च्या आधी स्पेस हवीच. माझं ग्रोपार्टच अडलं, कारण त्याला /टीएमपी या तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये लागते तेवढीही जागा उरली नव्हती. तिथे 10 एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) माउंट केलं, म्हणजे जोडलं, ग्रोपार्ट पुन्हा चालवलं, मग अनमाउंट. शेवटी ‘रिसाइझ2एफएस /डेव्ह/व्हीडीए1’, इथे 1 च्या आधी स्पेस नाही. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर त्याऐवजी ‘एक्सएफएस_ग्रोएफएस /’.