काड्यांची पहिली फिल्म: मोबाइलवर स्टॉप मोशन कसं करावं

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली, ती स्टॉप मोशननेच. काड्या किंचित सरकवायच्या, एक फ्रेम म्हणजे एक फोटो टिपायचा, पुन्हा सरकवायच्या; फोटो भराभर दाखवले की काड्या आपोआप हलल्यासारख्या वाटतात. शिकायला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आजही काड्याच घ्याव्यात असं मला वाटतं. यूट्यूबवर मातीच्या बाहुल्या बघून सगळ्यांना तेच करायचं असतं, पण उभी बाहुली दर दोन फोटोंनी कलंडते आणि उत्साह संपतो. काड्या कागदावर आडव्या पडून असतात, तोल सांभाळायची भानगडच नाही. फक्त त्यांचे गुल आधी मोडून टाका.

गोष्ट दहा सेकंदांची ठेवा. चार काड्यांचं घर, बाहेरून पाचवी येते, दार ढकलते, घर विस्कटतं. एवढं पुरे. सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांना १२० फोटो लागतात, म्हणजे एक दुपार सहज जाते.

काळा कार्डशीट जमिनीवर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने पक्का करा. शेजारी स्टूल, त्यावर जाड पुस्तकांची चळत. फोनचा कॅमेऱ्याकडचा भाग चळतीबाहेर येईल असा फोन आडवा ठेवा आणि मागच्या भागावर आणखी एक जड पुस्तक. चार्जर आत्ताच लावा. मध्येच लावायला गेलात की फोन हलतो आणि सगळं चित्र एकदम उडी मारतं. फ्लाइट मोड चालू, पंखा बंद.

आता उजेड. फिल्म लुकलुकते ती बहुतेक वेळा यामुळेच. खिडकीतलं ऊन क्षणाक्षणाला बदलतं, म्हणून पडदे लावून घ्या आणि टेबललॅम्प बाजूने सोडा. वरून सोडलात तर फोनचीच सावली पडेल. गडद रंगाचे कपडे घाला, कारण पांढऱ्या शर्टावरून उजेड परावर्तित होऊन कागदावर येतो. दर फोटोला एकाच जागी बसा. त्यानंतर स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. हे केलं नाही तर फोन प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने उजेड कमी-जास्त करत राहतो. स्क्रीनवर सरकत्या पट्ट्या दिसल्या तर तो दिव्याचा दोष: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे मॅन्युअल सेटिंग असेल तर शटर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर न्या, नाहीतर दिवा बदला.

‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्याला ओनियन स्किन म्हणतात. काडी किती सरकली ते त्यावरून कळतं. फोटो काढताना फोनला हात लावू नका. ब्लूटूथ रिमोट किंवा ॲपमधला टायमर वापरा.

खरी गंमत सरकवण्यात आहे. काडीला एका सेकंदात १२ सेंटीमीटर जायचंय, म्हणून दर वेळी एक-एक सेंटीमीटर सरकवली, तर ती पट्ट्यावरून वाहून नेल्यासारखी जाते. स्वतः चालल्यासारखी नाही. त्याऐवजी पहिल्या सहा फोटोंत २, ४, ८, १२, १५, १९ मिलिमीटर सरकवा आणि पुढच्या सहांत हेच आकडे उलट क्रमाने. अंतर तेवढंच, पण आता काडी दबकत निघते, वेग घेते आणि थबकते. कागदाच्या कडेला पट्टी ठेवलीत की मोजायला सोपं जातं. दार ढकलण्याआधी काडी न हलवता सहा-आठ फोटो काढा. ती विचार करतेय असं वाटतं. काही हलवलं की हात चौकटीबाहेर गेला का, ते बघूनच फोटो घ्या. दर दहा-बारा फोटोंनी फिल्म चालवून बघा, म्हणजे बिघडलेली फ्रेम लगेच काढून पुन्हा घेता येते. काडी जागेवर असताना दुरुस्ती दोन मिनिटांची. ती हलली की त्याच जागी परत बसवणं जवळपास अशक्य.

आवाज सगळ्यात शेवटी. काडेपेटी कानाजवळ खुळखुळवून फोनच्या रेकॉर्डरवर टिपा, टेबलावर बोटं टकटकवून पावलं करा आणि ते तुकडे ॲपमध्ये चित्राखाली बसवा. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला द्यायची असेल तर व्हिडिओबरोबर मूळ फोटोही पेन ड्राइव्हवर ठेवा. ‘ही फिल्म जरा सावकाश करून आणा’ असं सरांनी सांगितलं तर ते लागतातच.