डॉकिंगचा प्रोजेक्ट: नवा रेणू नंतर, आधी इमॅटिनिब जागेवर बसवा

बी. फार्म.च्या आठव्या सेमिस्टरला बरेच गट डॉकिंग, म्हणजे औषधाचा रेणू प्रोटीनच्या खोबणीत कसा बसेल याचा संगणकी अंदाज, निवडतात. रसायनं मागवायला नकोत, फ्यूमहूडसाठी नंबर लावायला नको. ज्या पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तिथे हे काम आता साध्या लॅपटॉपवर होतं. व्हायवात मात्र ‘व्हॅलिडेशन केलंत का?’ हे विचारलं जातंच. म्हणजे, ज्या औषधाची जागा स्फटिकरचनेतून आधीच ठाऊक आहे, ते तुमच्या पद्धतीने पुन्हा तिथेच बसतं का?

सरावाला प्रोटीन डेटा बँकेतली १आयईपी ही रचना घ्या: एबीएल कायनेज हे एन्झाइम आणि त्याला अडवणारं रक्ताच्या कर्करोगावरचं औषध इमॅटिनिब, रिझोल्यूशन २.१ आँगस्ट्रॉम. दोन साखळ्यांपैकी ए ठेवा, बी आणि पाणी काढा. ‘एसटीआय’ नावाचा लिगंड (प्रोटीनला चिकटलेला रेणू, इथे इमॅटिनिबच) वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, तुलनेला लागेल. मग प्रोटीनला हायड्रोजन जोडा. एवढ्या रिझोल्यूशनला क्ष-किरणांत ते दिसत नाहीत.

डॉकिंगला मात्र तो जपलेला लिगंड वापरू नका. पीडीबी फाइलमधून उचलताना दुहेरी बंध हरवतात आणि बेंझिनचं सायक्लोहेक्झेन होऊन बसतं. शिवाय आयता आकार देणं म्हणजे पेपर आधीच फोडणं! स्माइल्सवरून (रेणू अक्षरांच्या ओळीत लिहायची पद्धत) त्रिमितीय रचना करा, पिपरेझिनच्या मिथाइलवाल्या नायट्रोजनवर प्रोटॉन द्या, मग डॉकिंगला लागणारी पीडीबीक्यूटी फाइल बनवा.

सगळ्यात जास्त घोळ बॉक्समध्ये, म्हणजे रेणूची जागा जिथे शोधायची त्या चौकटीत, होतो. ऑटोडॉक टूल्स या तयारीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडच्या बिंदूंमधलं अंतर मुळात ०.३७५ आँगस्ट्रॉम असतं, म्हणून तिथले ६० बिंदू म्हणजे २२.५ आँगस्ट्रॉम. प्रत्यक्ष डॉकिंग करणाऱ्या व्हिना या प्रोग्रॅमला माप थेट आँगस्ट्रॉममध्ये लागतं. तोच ६० चा आकडा तिथे टाकलात तर बॉक्सचं घनफळ सुमारे १९ पट होतं, शोध भरकटतो आणि इमॅटिनिब प्रोटीनच्या पाठीला चिकटलेलं सापडतं. टूल्समध्येच अंतर १ करून घ्या. या रचनेला केंद्र १५.१९०, ५३.९०३, १६.९१७ आणि प्रत्येक बाजू २० पुरते. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा ते) मूळचा ८ असतो, तो ३२ करा; रेणू लांब आहे, फिरणारे बंध बरेच आहेत.

पहिल्या पोझचा (रेणू बसण्याच्या स्थितीचा) स्कोअर उणे १३ किलोकॅलरी/मोलच्या आसपास यायला हवा. पण स्कोअरवर भाळू नका, आरएमएसडी (जपलेल्या लिगंडपासून अणू सरासरी किती सरकले ते) काढा: २ आँगस्ट्रॉमच्या आत हवा. पायमॉल या रेणू पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये इथे ‘अलाइन’ वापरलंत तर तो रेणूच उचलून दुसऱ्यावर ठेवतो आणि आकडा खोटाच सुंदर येतो. जागा न हलवता मोजणारी ‘आरएमएस_कर’ वापरा. दोन्ही फाइलींतली अणूंची नावं जुळतात ना, तेही बघा.

मग हायड्रोजन बंध तपासा (नाव म्हणजे प्रोटीनमधलं अमिनो आम्ल, आकडा त्याचा क्रमांक): पिरिडिनचा मेट३१८ शी, अमाइनचा थ्री३१५ (थ्रिओनिन) शी, अमाइडचे ग्लू२८६ आणि अ‍ॅस्प३८१ शी. थ्री३१५ च्या जागी आयसोल्यूसिन आलं की तो बंध जातो, वर जागाही अडते. हा टी३१५आय बदल असलेल्या रुग्णांत इमॅटिनिब चालत नाही ते यामुळे.

हे जमलं की त्याच सेटिंगने इमॅटिनिब २जीक्यूजी या, डॅसॅटिनिब हे दुसरं औषध असलेल्या रचनेत बसवून पाहा. बॉक्सचं केंद्र मात्र त्या रचनेतल्या लिगंडवरून नव्याने काढा. तिथे कायनेज सक्रिय स्थितीत आहे आणि डीएफजी या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यातलं फिनाइलअ‍ॅलनिन नेमकं इमॅटिनिबच्या खोबणीत बसलेलं आहे, त्यामुळे पोझ बिघडते. हा बिघडलेला निकालही अहवालात, पहिल्या निकालाच्या शेजारीच द्या.